तुमच्या बागेतली एकच गोष्ट सांगा

आमच्या इमारतीसमोर एक बाग आहे. बाग म्हणायला तशी चिमुकलीच. या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाचा माणूस वळून बघतो. चौदा वर्षं मी ती खिडकीतून बघतेय. मधल्या काळात तिचं दोनदा सुशोभीकरण झालं आणि दोन्ही वेळा ती आधीपेक्षा ओस पडली. एकदा कारंजं आलं, एकदा कमान. मग कधीतरी मागच्या कोपऱ्यातल्या कुंपणाचे दोन गज कुणीतरी कापले. माणूस तिरका होऊन आत शिरेल एवढी फट. महिन्याभरात बाग भरली! शाळेतून परतणारी पोरं, बसथांब्याकडे निघालेली माणसं, सगळी तिथून जायला लागली आणि जाता जाता रेंगाळायला लागली. कारंज्याला जे जमलं नाही ते एका फटीला जमलं.

तेव्हापासून दिसेल त्या छोट्या बागेत शिरायचं आणि कोण कुठे बसलंय ते बघायचं, हा नादच लागलाय मला. तुम्हालाही असं काही दिसलं असेल तर लिहा. अख्ख्या बागेचं वर्णन नको, फुलांची यादी तर नकोच. एकच गोष्ट सांगा, जी आली किंवा गेली आणि माणसांचं वागणं बदललं. आराखडे काढणारं कुणी असेल तर स्वतःच्या चुका सांगा, त्या जास्त उपयोगी पडतील.

* * *

माझी गोष्ट: बाकाचे हात.

वय ७४, दोन्ही गुडघे कुरकुरतात. आमच्या बागेत नऊ बाक आहेत. त्यातले आठ दगडी, देखणे, बिनपाठीचे आणि बिनहातांचे. बाकाला हात नसले की बसता येतं, उठता येत नाही. तरुण माणसाच्या हे डोक्यात येत नसावं. नववा बाक जुना, लोखंडी. त्याला पाठ आहे, हात आहेत आणि बैठक दीड फुटाच्या आसपास. तेवढी उंची असली की तळवे जमिनीला टेकतात आणि हातांवर भार देऊन उठता येतं. त्या एका बाकासाठी रोज सकाळी आम्हा पाचसहा म्हाताऱ्यांची चढाओढ. 'राखीव डबा' म्हणतो आम्ही त्याला.

नूतनीकरणात तोही जाणार होता. मी अर्ज केला नाही की मोर्चा नेला नाही. मोजणीला आलेल्या तरुण अभियंत्याला म्हटलं, "बाळ, या दगडावर बस आणि हाताची घडी घालून उठून दाखव." तो उठला. मग म्हटलं, "आता ही माझी पिशवी मांडीवर घे आणि पन्नास वर्षं वाढवून पुन्हा उठ." तो हसला, पण वहीत काहीतरी लिहून घेतलं त्याने. लोखंडी बाक राहिला. दगडी आठांना अजून हात फुटलेले नाहीत. पाठपुरावा चालू आहे.

* * *

वरच्या काकांच्या लिहिण्याला पुरवणी. बाक कसा आहे याच्याइतकंच तो कुणीकडे तोंड करून आहे यालाही महत्त्व आहे.

आमच्याकडे सगळे बाक वाटेच्या कडेने एका रांगेत होते, नंबर लावून बसल्यासारखे. तिघी बसल्या की मधलीची मान सारखी फिरत राहायची आणि टोकाच्या दोघी पुढे वाकून बोलायच्या. एकदा पाइप टाकायला खणलं तेव्हा दोन बाक उपटून ठेवले. परत बसवताना जागा पुरेना म्हणून कामगारांनी ते काटकोनात लावून टाकले. झालं ते अगदी अजाणता, पण बेत मात्र नामी. समोरासमोर बसलं की बोलणं भाग पडतं, शेजारी बसलं की चेहरा दिसत नाही. काटकोनात दोन्हींतून सुटका. बोलायचं तर गुडघा जरासा वळवायचा, नाहीतर आपलं समोर बघत राहायचं.

नवरा गेल्यावरचे सहाएक महिने मी त्यातल्या एका बाकावर बसत होते. दुसऱ्यावर एक बाई विणकाम घेऊन यायच्या. कित्येक दिवस एका शब्दाचं बोलणं नाही. एके संध्याकाळी त्या चुकलेलं विणकाम भराभर उसवायला लागल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, सगळं कशाला? तीनच ओळी उसवा." इतके दिवस मी त्यांचे टाके मोजत होते हे मलाही तेव्हाच कळलं.

* * *

मी उद्यानांचे आराखडे करते, म्हणजे चुका सांगणं माझ्याच वाट्याला आलं.

सुरुवातीच्या एका बागेत मी झाडाभोवती गोल ओटा केला होता, बसणाऱ्यांची तोंडं बाहेर. कागदावर वरून फार सुंदर दिसायचा. बाग वरून फक्त पक्षी बघतात. प्रत्यक्षात एकत्र आलेली माणसं त्यावर एकमेकांकडे पाठी करून बसायची, नुकतंच भांडण झाल्यासारखी.

मग मी सुट्या खुर्च्यांकडे वळले. न्यूयॉर्कमधलं पेली पार्क १९६७ साली उघडलं. तीन बाजूंनी भिंती, जागा जेमतेम ४,२०० चौरस फूट. मागच्या भिंतीवरून २० फुटांचा धबधबा कोसळतो आणि रस्त्याचा गोंगाट त्या आवाजात बुडून जातो. वर झाडांची विरळ सावली, खाली हलवता येणाऱ्या खुर्च्या. एवढंच. शहरी जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी सत्तरच्या दशकात त्याच शहरातल्या चौकांवर आणि छोट्या बागांवर कॅमेरे लावून माणसं कशी बसतात ते टिपलं. त्यांना दिसलेली एक गंमत मी नंतर स्वतः शंभर वेळा पाहिली आहे: माणूस सुट्या खुर्चीपाशी येतो, ती चार बोटं सरकवतो आणि मग बसतो. सावली तीच, समोरचं दृश्य तेच. पण आता ती जागा त्याची झालेली असते.

एका बागेसाठी वीस खुर्च्या मागितल्या तेव्हा बैठकीत सगळे एका सुरात म्हणाले, चोरीला जातील. वर्षाअखेर दोन मोडल्या होत्या आणि एक नाहीशी झाली होती. नाहीशी झालेली तीन आठवड्यांनी परत आली, डुगडुगत्या पायाला नवा स्क्रू बसवून! कुणी नेली, कुणी आणली, आजतागायत पत्ता नाही. दिवेलागणीनंतर खुर्च्या कशा सोडून गेलेत ते मी अजूनही अधूनमधून जाऊन बघते. इथे दोघं, तिथे सातजणांचं कोंडाळं, एक एकटीच भिंतीकडे तोंड करून. इतका चांगला अहवाल मला कुठल्याही पाहणीतून मिळालेला नाही.

* * *

आमच्या बागेतली गोष्ट म्हणजे दारावरची पाटी. तिच्यावर अकरा गोष्टींना मनाई आहे. बाराव्या ओळीत 'आपले स्वागत आहे'.

* * *

माझी लेक दहा वर्षांची होईस्तोवर रोज बागेत जायची. अकराव्या वर्षी अचानक बंद. मला वाटलं, मोठी झाली, अभ्यास वाढला, मोबाइल आला. वर्षभर मी सगळ्यांना हेच सांगत होते. एकदा सहज तिला घेऊन निघाले तर दाराशीच म्हणाली, "मागून जाऊ या." का, तर झोपाळे खेळाच्या कोर्टाच्या आत. कोर्ट म्हणजे उंच जाळीचा पिंजरा, त्याला एकच दार आणि दारात मोठ्या मुलांचा घोळका. मुलं वाईट नव्हती. कुणी काही बोलतही नसे. पण आत जायचं तर त्यांना 'जरा सरका' म्हणायला लागे आणि आतून निघायचं तर पुन्हा तेच. दुसरा रस्ता नाही. अकरा वर्षांची मुलगी हा हिशोब मनात एका क्षणात करते आणि घरी बसते.

ही काही आमच्याच घरची गोष्ट नाही, हे नंतर वाचताना कळलं. व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात केलेल्या पाहणीत दिसलं होतं की नऊ वर्षांच्या पुढच्या मुली बागांमधून दिसेनाशा होतात, त्याच वयाचे मुलगे मात्र राहतात. १९९९ मध्ये तिथल्या दोन बागा त्या दृष्टीने बदलल्या, त्यातली एक आइन्झीडलरपार्क. मोकळं मैदान छोट्या छोट्या भागांत विभागलं, वाटा वाढवल्या, बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉलला जागा काढली. मुली पुन्हा दिसू लागल्या.

आम्ही सहासात आयांनी एवढं मोठं काही मागितलं नाही. पिंजऱ्याला समोरच्या कोपऱ्यात दुसरं दार करा, इतकंच. दोन महिने चर्चा एकाच मुद्द्यावर अडली: 'मग चेंडू बाहेर जाईल.' जातो थोडा. पण दार झालं. त्याच्या बाहेर तीन पायऱ्यांचा ओटाही झाला, आणि आता संध्याकाळी तिथे लेकीच्या वर्गातल्या पाचसहा जणी असतात. समितीतले एक गृहस्थ मला म्हणाले, "म्हणजे उपयोग काहीच नाही हो, नुसत्या गप्पा मारत बसतात." मी म्हटलं, "तुम्ही सकाळी येऊन काय करता?"

* * *

मी माळीकाम करतो. माझी गोष्ट वाटेची.

हिरवळीवर चालू नये असं लिहून कुणी चालायचं थांबत नाही. माणूस जवळचा रस्ता घेणारच. रोज पाय पडले की माती दबते, दबलेल्या मातीत हवा-पाणी शिरत नाही, मुळं गुदमरतात आणि मातकट पट्टा उमटतो. म्हणून नव्या बागेत मी सांगतो, सहा महिने वाटा बांधूच नका. पट्टा कुठे पडतो बघा आणि तिथेच फरश्या टाका. ऐकतं कोण? आधी फरसबंदी होते, मग तिच्या शेजारून पट्टा.

एकच सांगा म्हटलं होतं, तरी दुसरं सांगतोच. झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट नेऊ नका. साफसूफ दिसतं खरं. पण पाणी मुरत नाही, बुंध्याला फुगायला जागा राहत नाही आणि मुळं शेवटी फरशी उचलतातच. मग अर्ज येतो: झाडाने फरशी उखडली, झाड काढा.

* * *

आमच्या बागेत प्लॅस्टिकचं जहाज आलं. शिडी, घसरगुंडी, सुकाणू, सगळं साग्रसंगीत. माझा चार वर्षांचा मुलगा त्यावर तीन दिवस खेळला. चौथ्या दिवशी तो आणि बाकीची सगळी पोरं कामगारांनी मागे सोडलेल्या वाळूच्या ढिगावर. जहाजाचं फक्त जहाजच होतं, ढिगाचं काहीही होतं.

डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सी. टी. सोरेन्सन यांना हेच जाणवलं होतं, की आपण बांधलेली क्रीडांगणं सोडून मुलं भलतीकडेच रमतात. त्यातूनच १९४३ मध्ये कोपनहेगनजवळ एम्ड्रुपला मोडक्यातोडक्या सामानाचं क्रीडांगण सुरू झालं. ॲमस्टरडॅममध्ये वास्तुरचनाकार आल्डो व्हान आइक यांनी १९४७ पासून पुढच्या तीसेक वर्षांत सातशेच्या वर खेळाच्या जागा केल्या, तेही वाळूचा हौद, लोखंडी कमानी, उड्या मारायला ठोकळे अशा साध्या सामानावर. हे सगळं मी तावातावाने सांगेपर्यंत आमचा ढीग उचलला गेला. त्या संध्याकाळी मुलाने जहाजाच्या टोकावर उभं राहून भोकाड पसरलं. जहाजाचा तेवढाच काय तो उपयोग झाला.

* * *

सगळे बागेच्या बाजूने लिहिताहेत, म्हणून मी लिहितो. बागेला लागून तळमजल्यावर माझी झोपायची खोली आहे. बाहेर उंच खांबावर पांढराफटक दिवा होता, सुरक्षेसाठी म्हणे. रात्रभर माझ्या भिंतीवर खिडकीच्या गजांची सावली, कोठडीत झोपल्यासारखं वाटायचं. आणि सुरक्षा कसली? त्या झगझगाटात उभं राहिलं की पलीकडच्या झुडपांत काही म्हणजे काही दिसायचं नाही. डोळे उजेडाला सरावले की अंधार आणखी दाट होतो. तक्रार केली तर मीच बागेचा वैरी ठरलो. शेवटी खांब गेला आणि माणसापेक्षा थोडेच उंच, पिवळसर, टोपी घातल्यासारखे सहा दिवे आले. आता वाटेवरच्या माणसाचा चेहरा दिसतो आणि माझी भिंत काळोखी राहते.

चेंडूचं मात्र काही होत नाही. आजवर तीन तावदानं गेली. चेंडू परत देताना मी दर वेळी ओरडतो, पोरं दर वेळी 'सॉरी काका' म्हणतात. दोन्ही बाजूंना पाठ झालंय.

* * *

किल्ली.

रखवालदाराचं पद रिकामं होतं, म्हणून बाग उघडायचे वार आम्ही सात घरांनी वाटून घेतले. रात्री किल्ली पुढच्या घरी पोचवायची, म्हणजे एकमेकांच्या दारात जाणं आलंच. आमच्या वरच्या मजल्यावर सात वर्षं कोण राहतंय हे मला किल्लीमुळे कळलं. कुत्रेवाले आणि लहान मुलांच्या आया यांच्या भांडणावर तीन सभा झाल्या होत्या, निष्पन्न शून्य. मंगळवारची किल्ली ज्यांच्याकडे त्या बाईंची स्वतःची दोन कुत्री. त्या साडेपाचलाच दार उघडायला लागल्या; सातला मुलं येईपर्यंत कुत्री घरी. बाकीच्या वारांनीही हळूहळू तीच वेळ उचलली. ठराव नाही, पाटी नाही.

आता रखवालदार आला आहे. चांगला माणूस आहे. किल्ली त्याच्या कमरेला असते आणि वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांची महिनाभर गाठ पडलेली नाही.

* * *

मी चाकाच्या खुर्चीवरून फिरते. आमच्या बागेच्या दाराशी उतार आहे, एकास बारा, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी. नियमाप्रमाणे अगदी चोख. उताराच्या वरच्या टोकाला दुचाक्या अडवायला नागमोडी दांड्या! दुचाक्या मागच्या मोडक्या दारातून आत जातात. मी उतार चढते, दांड्यांना हात लावते आणि परत येते. मला सरळ ९० सेंटीमीटर मोकळे लागतात, फार नाही.

सुरुवातीची फटीची गोष्ट वाचली. छान आहे. 'माणूस तिरका होऊन आत शिरेल एवढी' असं लिहिलंय तुम्ही. मला तिरकं होता येत नाही. फट मोजलीत कधी?

* * *

आज सकाळी टेप घेऊन गेले. ४१ सेंटीमीटर.

शेजारचे आणखी चार गज काढले तर ९० च्या वर जाईल. पण गज मोजताना आणखी एक दिसलं: आत पाऊल टाकतो तिथे वीतभर उंचीची पायरी आहे. इतक्या वेळा मी ती चढले असेन, पायाला माहीत होती, मला नव्हती. वीतभर, म्हणजे आठेक इंच चढायला एकास बाराच्या हिशोबाने आठ फूट उतार हवा. नेमक्या त्या आठ फुटांत दुसऱ्या सुशोभीकरणातल्या कमानीचा एक पाय रोवलेला आहे.

कमान काढवून घेतल्याचा कुणाला अनुभव आहे का?