प्रमाण इंग्रजी उच्चार: राजदरबाराची देणगी की लंडनच्या गर्दीची?

धागाकर्ता

'किंग्ज इंग्लिश' (राजाचं, म्हणजे प्रमाण इंग्रजी) म्हटलं की राजा बोलला आणि देशाने गिरवलं, असा समज होतो. मला तो मुळातच चुकीचा वाटतो. १०६६ मध्ये विल्यम फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून इंग्लंडचा राजा म्हणून आला आणि दरबारात फ्रेंच बसली. पहिल्या रिचर्डने दहा वर्षांच्या कारकिर्दीत इंग्लंडमध्ये जेमतेम सहा महिने काढले. १२०४ मध्ये जॉनने नॉर्मंडी गमावली, तिथून फ्रेंचची मुळं सैल होऊ लागली. तरी १३६२ मध्ये न्यायालयात इंग्रजी बोलावी असा कायदा झाला, तो लिहिला फ्रेंचमध्येच! चौथ्या हेन्रीने गादीवरचा हक्क इंग्रजीत सांगितला तो १३९९ मध्ये.

या तीनशे वर्षांत यॉर्कशायर, डेव्हन, केंट इथल्या बोली आपापल्या वाटेने चालतच होत्या. पुढे १७१४ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरहून पहिला जॉर्ज गादीवर आला. त्याचं इंग्रजी इतकं तोकडं होतं की मंत्र्यांशी तो बहुतेक फ्रेंचमध्ये बोले. व्हिक्टोरिया नवऱ्याशी जर्मन बोलत असे, आणि १८८७ पासून अब्दुल करीमकडे हिंदुस्थानी शिकली. यातल्या कशानेही ना लंडनचा 'आ' हलला, ना यॉर्कशायरचा 'उ'. राजाच्या जिभेवरून बोली ठरते, याला पुरावा कुठे आहे?

प्रतिसाद १ (असहमत)

राजा काय बोलत होता यापेक्षा तो कुठे बसत होता ते पाहा. जॉन ट्रेव्हिसाने १३८७ मध्ये जुन्या लॅटिन इतिहासाचं भाषांतर केलं. त्यात उत्तरेची, विशेषतः यॉर्कची बोली कर्कश आणि कानाला टोचणारी असल्याची तक्रार आहे, आणि कारणही दिलं आहे: एक तर ते लोक परक्यांच्या शेजारी राहतात, दुसरं म्हणजे राजे कायम दक्षिणेत असतात. १४१७ पासून पाचवा हेन्री खासगी मोहरेची पत्रं इंग्रजीत पाठवू लागला, त्याने इंग्रजीला सरकारी वजन आलं. १५८९ मध्ये जॉर्ज पटनमने तर कवींना सल्लाच दिला की दरबाराची, लंडनची आणि लंडनभोवतीच्या साठेक मैलांतली भाषा वापरा, ट्रेंट नदीपलीकडची, म्हणजे उत्तरेची, नको. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना दरबाराचा वाटा नाकारायचा कसा?

प्रतिसाद २

दोघांच्याही मांडणीत लेखनाचं प्रमाण आणि तोंडचा उच्चार यांची सरमिसळ होते आहे. हेन्रीच्या पत्रांनी शब्दलेखनाला वळण लागलं असेल, पण पत्राला स्वर ऐकू येत नाही. प्रादेशिक उच्चारांतले मोठे फरक ध्वनीच्या आतल्या हालचालींतून आलेत. देवनागरीत ते नीट दाखवताही येतात.

'घर' या अर्थाचा शब्द घ्या. चौदाव्या शतकापर्यंत तो सगळीकडे 'हूस' होता. मग दीर्घ स्वर एकेक पायरी वर सरकले. दक्षिणेत दीर्घ 'ओ' वर चढून 'ऊ'च्या जागी आला आणि जुना 'ऊ' तिथून सुटून 'आउ' झाला, म्हणून 'हाउस'. हंबर नदीच्या उत्तरेला मात्र दीर्घ 'ओ' त्याआधीच जिभेच्या पुढच्या बाजूला सरकला होता. मागून ढकलणारं कुणी उरलं नाही, म्हणून 'ऊ' जागचा हलला नाही. स्कॉटलंडमध्ये आणि नॉर्थम्बरलंडच्या जुन्या बोलीत 'हूस', 'डून' ('डाउन'ऐवजी) ऐकू येतं ते यामुळे. लोक त्याला 'हाउस'चा बिघडलेला उच्चार म्हणतात, तिथे गाडी चुकते. जुनं रूप तेच आहे.

'कप'चंही तसंच. सतराव्या शतकात दक्षिणेत 'उ' फुटून 'अ' झाला, उत्तरेत 'कुप' राहिला. 'बाथ'मधला स्वर दक्षिणेत स, फ, थ यांच्या आधी लांबून दीर्घ 'आ' झाला, तोही सगळ्या शब्दांत नाही. पुढे स्वर नसलेला 'र' तर लंडननेच गाळला. १७९१ च्या उच्चारकोशात जॉन वॉकरने लंडनचा 'र' दुबळा झाल्याची नोंद केली आहे, आणि तो लांब 'आ' त्याला गावंढळ वाटत होता! पुढे तोच प्रतिष्ठित ठरला. यातला एकही बदल राजवाड्यात सुरू झाल्याचं दाखवता येत नाही.

धागाकर्ता

सरमिसळीचा आक्षेप मान्य. पण प्रतिसाद १ ने ट्रेव्हिसाचं वाक्य अर्धंच दिलं. राजे दक्षिणेत का राहतात, हेही तो तिथेच सांगतो: पिकाऊ जमीन जास्त, माणसं जास्त, शहरं मोठी, बंदरं फायद्याची. म्हणजे गर्दी आणि पैसा आधी, राजा मागाहून.

शिवाय आज ज्याला प्रतिष्ठित उच्चार म्हणतात तो एकोणिसाव्या शतकातल्या निवासी शाळांत घोटला गेला. डॅनियल जोन्सने १९१७ च्या कोशात त्याला शाळांचंच नाव दिलं होतं. राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या नाताळच्या भाषणांचं ध्वनिविश्लेषण २००० मध्ये प्रसिद्ध झालं. १९५० च्या दशकात तिचा 'हॅड' जवळपास 'हेड' वाटे. १९८० च्या दशकापर्यंत तिचे स्वर दक्षिण इंग्लंडच्या सर्वसाधारण उच्चाराकडे सरकले होते. प्रजा राणीकडे गेली नाही, राणी प्रजेकडे आली.

प्रतिसाद १

मग एडिनबराचं काय? १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा होऊन लंडनला गेला आणि स्कॉट्स या तिथल्या भाषेचा दरबारच उठला. तोवर त्या भाषेत कायदे होते, काव्य होतं. १७६१ मध्ये त्याच एडिनबरातले प्रतिष्ठित लोक थॉमस शेरिडनची इंग्रजी वक्तृत्वावरची व्याख्यानं ऐकायला बसले, आणि शेरिडन स्वतः आयरिश! दरबार हलला की बोलीची पत जाते, याहून ठळक उदाहरण कोणतं?

प्रतिसाद २

पत गेली हे खरं, पण घसरण १६०३ च्या आधीच सुरू होती. १५६० मध्ये स्कॉटलंडने धर्मसुधारणा स्वीकारली तेव्हा स्कॉट्समध्ये छापील बायबल नव्हतं. प्रार्थनाघरांत इंग्रजी बायबलच वाचलं जाऊ लागलं. जेम्सच्या जाण्याने त्या उताराला वेग आला. आणि 'हूस' तर दरबार उठून चारशे वर्षं झाली तरी तिथे बोललं जातंच आहे.