मदत हवी आहे: बी.फार्म.च्या विद्यार्थ्यांना रुग्णाशी बोलायला कसे शिकवावे? (सोलापूर)

नमस्कार. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात फार्मसी प्रॅक्टिस हा विषय शिकवते. येत्या सत्रापासून सातव्या सेमिस्टरच्या विद्यार्थ्यांना रुग्णसेवेचा प्रत्यक्ष सराव द्यायचा आहे आणि त्याची आखणी माझ्याकडे आली आहे. येथे रुग्णालयात किंवा मेडिकलवर काम करणारे सदस्य आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी परिस्थिती सांगते. २००८ साली सुरू झालेल्या सहा वर्षांच्या फार्म.डी. अभ्यासक्रमात वॉर्डातील काम आणि शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप धरलेलीच असते. आम्ही शिकवतो त्या बी.फार्म. अभ्यासक्रमात मात्र फार्मसी प्रॅक्टिस हा सातव्या सेमिस्टरचा निव्वळ लेखी विषय आहे. त्याला प्रॅक्टिकल नाही. त्याच सेमिस्टरमध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ नावाच्या सरावाच्या कामाचे १५० तास असतात. ते बहुतेक ठिकाणी कुठल्या तरी विषयावर माहिती गोळा करून त्याची जाडजूड वही बांधण्यात संपतात, आणि माझ्या मते हा त्या तासांचा सर्वांत वाईट उपयोग आहे. हेच तास मला वापरायचे आहेत.

मुलांना औषधे येत नाहीत, असे मुळीच नाही. वॉरफॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाबरोबर काय देऊ नये किंवा क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनने लघवीचा रंग का बदलतो, हे ती झोपेतूनही सांगतील. परंतु त्यांना विचारता येत नाही. गेल्या सत्रात वर्गात एका विद्यार्थिनीला रुग्ण करून दुसऱ्याला तिला इन्सुलिन समजावून सांगायला लावले. त्याने इन्सुलिनचे प्रकार, परिणाम सुरू होण्याची वेळ, साखर उतरल्याची लक्षणे, असे सारे न अडखळता सांगितले. मात्र तिच्याकडे कोणती सिरिंज आहे, हे विचारले नाही. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे आणि पेनच्या (टोचण्याच्या पेनसारख्या साधनाच्या) कार्ट्रिजमधील १०० युनिटचे असते. सिरिंजवरच्या खुणाही त्या-त्या इन्सुलिनप्रमाणे ४०च्या किंवा १००च्या हिशेबाने आखलेल्या असतात. पेन बिघडले म्हणून कुणी लाल टोपीच्या ४०च्या सिरिंजने कार्ट्रिजमधून २० युनिटच्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर शरीरात ५० युनिट जातात. उलट बाजूने, नारिंगी टोपीची १००ची सिरिंज ४०च्या बाटलीला लावली तर २० ऐवजी आठच युनिट मिळतात. त्या मुलाला हे गणित विचारले असते, तर त्याने फळ्यावर अचूक सोडवून दाखवले असते. घरी फ्रीज आहे का, नसेल तर एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बाटली कुठे ठेवता, हाही प्रश्न त्याला सुचला नाही.

त्यात सोलापूरचा भाषेचा प्रश्न आहे. पूर्व भागातील विणकर व विडी कामगार कुटुंबांत घरची भाषा तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून येणाऱ्यांची अनेकदा कन्नड, शिवाय दखनी बोलणारेही पुष्कळ. आमची परीक्षा इंग्रजीत होत असल्यामुळे मुलांच्या डोक्यात सारी उत्तरे इंग्रजीत बसलेली असतात, आणि मराठीत सांगतानाही ती ‘प्रतिकूल परिणाम’ म्हणतात, जे ऐकून रुग्ण नुसती मान हलवतो.

माझे प्रश्न असे: रुग्णालयाची परवानगी मिळेपर्यंत वर्गातील सोंगाचा रुग्ण कितपत उपयोगी पडतो? गुण कसे द्यावेत, म्हणजे पाठ केलेले भाषण आणि खरा संवाद यांत फरक होईल? आणि मेडिकलवर विद्यार्थी पाठवायचे असतील, तर दुकानदाराच्या धंद्याला अडथळा न होता ते कसे जमवावे?

प्रतिसाद १ (फार्म.डी., रुग्णालयात कार्यरत)

मॅडम, सोंगाचा रुग्ण उपयोगी पडतो, परंतु तो विद्यार्थ्यांपैकी नसावा. वर्गमित्र नकळत मदत करतो. कार्यालयातील शिपाई काका किंवा प्रयोगशाळेतील मावशी यांना ‘विचारल्याशिवाय काहीही सांगायचे नाही’ एवढी एकच सूचना देऊन बसवा. त्यांच्या हाती औषधांची पिशवी द्या, ज्यात एकाच औषधाच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या, एक मुदत संपलेली बाटली आणि शेजारणीने दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या असतील. वॉर्डात आम्ही रोज हेच पाहतो. विद्यार्थ्याने पिशवी उघडायला सांगितली की नाही, यावरच निम्मे गुण ठरतात.

गुणांसाठी रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली मांडलेली टप्प्याटप्प्यांची परीक्षा पाहावी. प्रत्येक टेबलावर ठरावीक मिनिटे, एक काम आणि परीक्षकाच्या हाती तपासणी-यादी, अशी तिची रचना असते. यादीत काही मुद्दे असे ठेवा की ते चुकले, तर बाकी कितीही चांगले बोलले तरी त्या टेबलावर अनुत्तीर्ण. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे असताना ते रोज घेतल्याने जिवावर बेतू शकते. तेथे ‘कोणत्या वारी घेणार?’ हे रुग्णाच्या तोंडून वदवून घेतले नाही, तर गुण कसले द्यायचे? ‘समजले का?’ या प्रश्नाला एकही गुण देऊ नये. ‘घरी गेल्यावर कसे घेणार ते मला सांगा’ याला द्यावेत.

प्रतिसाद २ (औषध विक्रेता, सोलापूर)

ताई, आमच्याकडे विद्यार्थी येतात ते सहीपुरते, म्हणून बरेच दुकानदार नाही म्हणतात. संध्याकाळी दवाखाने सुटल्यावर काउंटरवर उभे राहायला जागा नसते, तेव्हा मुले पाठवू नका. दुपारी गर्दी ओसरते, तेव्हा दोघे-दोघे पाठवा. काम एकच द्या. इन्हेलर घ्यायला आलेल्याला ‘कसा ओढता ते दाखवा’ म्हणायचे आणि पाहायचे. ओढण्याआधी श्वास पूर्ण सोडणे आणि ओढल्यावर तो थोडा वेळ रोखणे, या दोन गोष्टी बऱ्याच जणांकडून राहून जातात. स्टेरॉइडचा इन्हेलर असेल तर नंतर चूळ भरायला सांगावे लागते. सल्ला मात्र आमच्या फार्मासिस्टच्या देखतच द्यावा, आणि डोस बदलण्याबद्दल विद्यार्थ्याने अवाक्षर काढू नये.

भाषेचे म्हणाल तर तुमच्या वर्गातच तेलुगू आणि कन्नड घरची मुले असतील. जोड्या लावताना एक तशी घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. जोड्यांची सूचना लगेच अमलात आणता येईल. पिशवीच्या सरावासाठी रिकामी वेष्टने जमवण्यास सुरुवात करते. इन्सुलिनच्या टेबलासाठी अनुत्तीर्ण ठरवणारे मुद्दे सध्या असे धरले आहेत: सिरिंज व बाटली यांची जुळणी प्रत्यक्ष पाहणे, साखर उतरल्यास काय करणार हे रुग्णाकडून वदवून घेणे, आणि साठवण कुठे होते ते विचारणे. टोचण्याची जागा बदलत राहण्याचा मुद्दा याच गटात घ्यावा की साध्या गुणांत ठेवावा, यावर मत हवे आहे.