अंगावर काढलेली दुखणी : नोकरदार बायकांचे अनुभव

थायरॉईडचे निदान होण्याआधी आठ-नऊ महिने मी प्रत्येक तक्रारीचे कारण स्वतःच ठरवून ठेवले होते. थकवा मार्चअखेरच्या कामाचा, केसगळती बोअरच्या पाण्याची आणि सकाळची चेहऱ्यावरची सूज जागरणाची. रक्तातले टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीतला आकडा) 38, म्हणजे खूपच जास्त, आल्यावर डॉक्टरांनी विचारले, ‘‘इतके दिवस काय करत होतात?’’ खरे उत्तर ‘बँकेत होते’ एवढेच होते. थायरॉईड नोकरीमुळे झाला असे मी म्हणणार नाही, पण उशीर नक्कीच नोकरीमुळे झाला. शिवाय पहिले काही महिने मी गोळी सकाळच्या चहाबरोबरच घेत राहिले, आणि डोस वाढवूनही आकडा का उतरत नाही याचे आम्हा दोघांनाही कोडे पडले होते. ती रिकाम्या पोटी, चहाच्या किमान अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते.

दुखणे किती दिवस अंगावर काढलेत, शेवटी कशामुळे दवाखाना गाठलात आणि दिनक्रमातली नेमकी कोणती गोष्ट बदललीत, हे मैत्रिणींनी लिहावे. औषधांची नावे मात्र लिहू नयेत. एकीची चिठ्ठी दुसरीला लागू पडत नाही.

बदलापूर, खासगी कार्यालय

माझा जाऊन-येऊन प्रवास साडेतीन तासांचा आहे. कार्यालयातले बायकांचे स्वच्छतागृह दोन मजले खाली असून त्याची किल्ली शिपायाकडे असते. चार पुरुषांसमोर रोज ती मागण्यापेक्षा पाणी न पिणे मला सोपे वाटले. सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी यायची आणि मी ती तुळशीत ओतायची. तुळस जोमात होती, मी नव्हते. एका वर्षात तीनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. पहिल्या दोन्ही वेळी औषधांच्या दुकानातून गोळ्या आणल्या आणि जळजळ थांबताच दोन दिवसांत बंद केल्या. तिसऱ्या वेळी कल्याणच्या फलाटावर हुडहुडी भरली, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता आणि लघवीच्या कल्चर तपासणीत नेहमीची प्रतिजैविके लागू पडत नसल्याचे दिसले. चार दिवस सलाईनवर काढले. बायकांना स्वच्छ, मोफत मुताऱ्या मिळाव्यात म्हणून मुंबईत 2011 मध्ये ‘राइट टू पी’ (लघवीचा हक्क) ही मोहीम सुरू झाली, तेव्हा त्या नावावरून आमच्या डब्यात हशा पिकला होता आणि हसणाऱ्यांत मीही होते. आता किल्लीची दुसरी प्रत माझ्या पर्समध्ये असते. ती करून घ्यायला 50 रुपये लागले.

सातारा, शासकीय लिपिक

तांदूळ निवडताना चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात टाकायची मला सवय लागली होती. पुढे चिमटीची मूठ झाली आणि एक पुडी कार्यालयाच्या ड्रॉवरमध्येही राहू लागली. ती जिभेची खोड नसून रक्तक्षयाचे लक्षण असू शकते, हे आरोग्य शिबिरात हिमोग्लोबिन 7.2 आल्यावर कळले. त्या दिवशी आम्हा आठजणींपैकी पाचजणींचे 12 च्या खाली निघाले. एरवी मला सरकारी आकडे फुगवलेले वाटतात, पण 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे वाचले तेव्हा शंका घ्यावीशी वाटली नाही.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्याही मी अकराच्या चहाबरोबर घेत होते. चहामुळे लोह नीट शोषले जात नाही, हे कोणी सांगितलेच नव्हते. लिंबूपाण्याबरोबर घेऊ लागल्यावर थोडा फरक पडला, पण खरे कारण वेगळे होते. माझी पाळी आठ-आठ दिवस चालत असे आणि ‘आमच्याकडे सगळ्यांचीच अशी असते’ म्हणून मी ते कधी डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉईडच्या दोन गाठी दिसल्या. उपचारानंतर हिमोग्लोबिन 11.4 वर आले आहे आणि तांदळाची आठवणही होत नाही.

नागपूर, परिचारिका

इतरांची साखर मोजून तक्त्यात लिहिणारी मी, माझीच एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) 7.9, म्हणजे मधुमेहाची, निघाली. रात्रपाळीत दोन वाजता चहा-बिस्किटे आणि पहाटे पुन्हा चहा हे वर्षानुवर्षांचे जेवण, आणि दिवसाची झोप कुरिअरवाल्याच्या घंटेनुसार तुकड्यांत. रात्रपाळीचे दुष्परिणाम मला ठाऊक नव्हते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 साली ती ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकली, हेही वाचले होते. ठाऊक असणे आणि करणे यांत एक खोली असते, तिला जाड पडदे लावावे लागतात. ते मी लावले, घंटेचे बटण बंद केले, ड्युटीला निघण्यापूर्वी पूर्ण जेवू लागले आणि डब्यात उकडलेले हरभरे नेऊ लागले. गोळ्या चालू आहेतच. आठ महिन्यांनी आकडा 6.6 आला.

पुणे, साडीच्या दुकानातली विक्रेती

वरचे सगळे वाचले. ‘अंगावर काढणे’ हा शब्द मला टोचला, कारण माझा एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार कापला जातो आणि दवाखान्याची वेळ तीच दुकानाचीही वेळ असते. दहा तास उभे राहून पोटऱ्यांवर निळ्या शिरा गाठीसारख्या उठल्या आहेत. डॉक्टरांनी दाबाचे मोजे दिले, रात्री पाय उशीवर ठेवायला सांगितले आणि दर तासाला पाच मिनिटे बसा म्हणाले. बसायचे कशावर, हे त्यांनी विचारले नाही. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला आसन देण्याचा कायदा केला, असे आमच्यातल्या एकीने मोबाईलवर वाचून दाखवले, तेव्हा सगळ्याजणी घडी घालता घालता थांबलो होतो. मागच्या आठवड्यात मी घरून प्लॅस्टिकचे स्टूल आणून पैठण्यांच्या कपाटाआड ठेवले आहे. शेठ अजून काही बोललेले नाहीत.