बवाजने रूथला सरळ पोतंच का दिलं नाही?

शेंगांचा_सरवा
आमच्या सोलापूरकडे भुईमूग काढून झाला की आई मला घेऊन सरवा, म्हणजे काढणीनंतर रानात राहिलेल्या शेंगा, वेचायला जायची. काल बायबलमधलं रूथचं पुस्तक वाचलं. चारच अध्याय, एका बैठकीत झालं. रूथ ही शेजारच्या मवाब देशातली, म्हणजे मवाबी. ही विधवा सून विधवा सासूला घेऊन बेथलेहेमात येते आणि सातूच्या शेतात सरवा वेचते. सरवा हा शब्द तिथं बघून एकदम घरी गेल्यासारखं वाटलं. पण एक खटकलं. शेतमालक बवाज गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसं ओढून टाका, तिला वेचू द्या, रागावू नका. अरे, शेत तुझं, धान्य तुझं, दे की पोतं भरून! दिवसभर उन्हात कंबर मोडायला लावायची आणि त्याला दया म्हणायचं? कंबर मोडते हो, मला माहितीय.

अश्दोदकर
ताई, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरात अजून मराठीच. शावुओतला, म्हणजे गव्हाच्या कापणीच्या सणाला, हेच पुस्तक वाचलं जातं. तुम्ही 'दया' वाचलंत तिथे हिब्रूत 'हेसेद' आहे. दया वरून खाली येते. हेसेद म्हणजे बांधील नसताना नातं निभावणं.
आणि सरवा ही भीक नव्हेच. तोराचा, म्हणजे आमच्या धर्मशास्त्राचा, नियम आहे: शेताच्या कडा कापायच्या नाहीत, पडलेलं कणीस उचलायचं नाही, ते गरिबाचं आणि परक्याचं. रूथ हक्काचं वेचत होती. बवाजने तो हक्क गुपचूप वाढवला. पोतं दिलं असतं तर गावभर झालं असतं, मवाबीण बवाजच्या जिवावर जगते म्हणून. मवाब्यांना मंडळीत घेऊ नका असंही तोरात आहे, कारण त्यांनी इस्राएलांना वाटेत अन्नपाणी दिलं नव्हतं. इथे मवाबीणच बेथलेहेमच्या म्हातारीला जेवू घालते.

अर्पाची_बाजू
पोतं दिलं नाही असं कुठंय? तिसऱ्या अध्यायात सहा मापं सातू तिच्या शालीत घालून देतो, "सासूकडे रिकाम्या हाताने जाऊ नको" म्हणून. आणि गावात आल्या आल्या सासू, नामी, काय म्हणाली होती? भरलेली गेले, देवाने मला रिकामी परत आणलं. पण हे सगळं रूथने लग्नाचं विचारल्यानंतर, बरं का.
माझं दुखणं वेगळंच आहे. दुसऱ्या सुनेला, अर्पाला, सगळे विसरतात. 'हेसेद' पहिल्यांदा येतो तो नामीच्या तोंडी, दोघी सुनांबद्दल. अर्पा रडली, सासूचा मुका घेतला आणि माहेरी गेली. पुस्तक तिला एका शब्दाने दोष देत नाही. नंतरच्या मिद्राशकारांनी, म्हणजे ज्यू भाष्यकारांनी, तिला गल्याथ राक्षसाची पूर्वज करून टाकलं! सासूचं ऐकलं एवढाच तिचा गुन्हा.

शेंगांचा_सरवा
काका, 'गुपचूप' वाचून एक आठवलं. मालकाचा एक सालगडी पाटी उचलताना कायम तिरकी धरायचा, शेंगा सांडायच्या. मला वाटायचं, वेंधळा आहे. आत्ता आईला फोन करून विचारलं. म्हणाली, "वेंधळाच होता तो. पण सांडायचं मात्र आपल्याच बाजूला."