श्रेडरचा भुसा कोणी घेतं का?

पुण्यात आमचं चाळीस जणांचं ऑफिस. ऑडिट संपलं की श्रेडरच्या, म्हणजे कागद चिरायच्या मशीनच्या, भुशाची सात-आठ पोती साचतात. रद्दीवाल्याने पोत्यात हात घातला नि म्हणाला, "मॅडम, हे नुसतं उडतं. नेतो, पण पैसे नाही." अख्ख्या कागदाला मात्र किलोवर भाव देतो! काय करू?

— बरोबर आहे त्याचं. चिरल्यावर तंतू आखूड होतात, पेपर मिलमध्ये लगदा धुताना बरेच वाहून जातात. गोपनीय तेवढंच चिरा.

— 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंना विचारून बघा. एटीएमच्या गुळगुळीत पावत्या मात्र वेगळ्या काढा, तो थर्मल कागद असतो, म्हणजे त्यावर रसायनाचा थर असतो.

— मीच परत. पोतं उपसलं. अर्धा भुसा कँटीनच्या जुन्या मेनूचा! शिपाईकाका म्हणाले, "मशीन नवीन होतं, सगळ्यांना हौस."