पाचव्या महिन्यात मोहफूल वेचावे की नुसते चालावे?

प्रश्न (कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली)

नमस्कार. माझे हे पहिलेच गरोदरपण असून पाचवा महिना संपत आला आहे. सध्या मोहफुलांचा हंगाम असल्याने घरातील सर्व बायका पहाटेच टोपल्या घेऊन निघतात आणि ऊन चढेपर्यंत वाकून फुले वेचतात. सासूबाई म्हणतात की त्यांनी नववा महिना लागेपर्यंत भाताची रोवणी केली, म्हणूनच बाळंतपण सोपे गेले. काम हाच व्यायाम. याउलट माझी आई फोनवर सांगते की खाटेवरून उठूसुद्धा नकोस. दोघींचीही माया खरी आहे, त्यामुळे कोणालाही दुखवण्याची इच्छा नाही. मी किती चालावे, कोणता व्यायाम करावा आणि मे महिन्यात तेंदूपत्ता सुरू झाल्यावर काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मागील तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ आले होते.

उत्तर (निवृत्त आरोग्यसेविका, आरमोरी)

ताई, आधी हिमोग्लोबिनविषयी लिहिते, कारण व्यायाम किती करावा हे त्यावरही अवलंबून आहे. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. लोहाच्या गोळ्यांचे तुमच्यासाठीचे प्रमाण उपकेंद्रातील सिस्टरांकडून ठरवून घ्या, गोळी चहासोबत घेऊ नका, आणि सिकलसेलची (रक्तातील तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली नसेल तर ती अवश्य करा. आपल्या भागात हा आजार बराच आढळतो आणि त्यात अंगातील पाणी कमी होणे फार धोक्याचे असते.

आता कामाविषयी. व्यायामात दम लागला की थांबता येते. टोपली भरायची असली की बाई थांबत नाही, कारण शेजारची थांबलेली नसते. माझ्या मते काम आणि व्यायाम यांतील खरा फरक एवढाच आहे आणि सासूबाईंना तो याच शब्दांत सांगितला तर पटेल. त्यांच्या अनुभवाचा अनादर होत नाही, कारण हालचाल चांगली हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही हेच सांगते: डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर गरोदर स्त्रीने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल करावी. तुम्ही मात्र सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटांनी सुरुवात करा. चालताना बोलता आले पाहिजे; वाक्य तुटू लागले तर वेग कमी करा. फिरायला गावातील सपाट रस्ताच निवडा, कारण मोहाच्या दिवसांत पहाटेच्या अंधारात झाडांखाली अस्वल येते.

उत्तर (चिमूर तालुका)

माझा अनुभव सांगते. सहाव्या महिन्यात मी तेंदूपत्ता तोडायला गेले होते. सकाळी अकराच्या सुमारास डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पोट दगडासारखे कडक होऊ लागले. पाणी सोबत होते, परंतु पाने तोडण्याच्या नादात मी ते प्यायलेच नव्हते. आरोग्य केंद्रात सलाईन लावल्यावर कळा थांबल्या. अंगातील पाणी कमी झाल्यानेही अशा कळा येतात, असे डॉक्टरांनी तेव्हा समजावून सांगितले. त्यानंतर मी जंगलात गेले नाही. सावलीत बसून ७० पानांचा एक याप्रमाणे पुडे बांधले आणि दर अर्ध्या तासाने उठून अंगणात फेरी मारली. घरची मजुरी पूर्ण बुडाली नाही आणि बाळही दिवस भरून जन्माला आले.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, नागपूर, मूळ गाव देसाईगंज)

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात आणि पोटाच्या भाराने तोल पुढे झुकतो, म्हणून डोक्यावर पाण्याचा भरलेला गुंड नेणे आणि हापशी जोराने मारणे आता टाळावे. खालची वस्तू उचलायची झाल्यास कमरेतून न वाकता गुडघे दुमडावेत. घरच्या घरी भिंतीला पाठ टेकून अर्धे खाली बसणे आणि उठणे, दोन्ही हात व गुडघ्यांवर येऊन पाठ हळूच वर उचलणे, आणि लघवी रोखताना आवळतात ते स्नायू पाच आकडे मोजेपर्यंत आवळून सोडणे, हे तीन व्यायाम पुरेसे आहेत. मात्र आवळण्याचा सराव प्रत्यक्ष लघवी करताना करू नये. उताणे झोपून करायचे व्यायाम यापुढे नकोत, कारण गर्भाशयाच्या भाराने पाठीकडील मोठी रक्तवाहिनी दाबली जाते आणि चक्कर येते.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, छातीत दुखणे, तीव्र डोकेदुखी, एकाच पोटरीला सूज व ठणका, ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही जाणवल्यास व्यायाम तिथेच थांबवून १०८ ला फोन करावा. वार (गर्भाशयात बाळाला पोसणारा भाग) खाली असल्यास किंवा रक्तदाब वाढलेला असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम सुरूच करू नये.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. सासूबाईंना टोपलीची गोष्ट वाचून दाखवली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की त्यांचे दुसरे मूल सातव्या महिन्यात गेले होते, तेव्हाही रोवणीच सुरू होती. हे आम्हाला कधीच माहीत नव्हते. ९ तारखेला आरोग्य केंद्रात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या स्वतः माझ्यासोबत येणार आहेत.