डिपार्टमेंट नक्की चालवतं कोण? एचओडी (विभागप्रमुख), की ऑफिसातल्या मॅडम?

शेवाळवाली
पीएचडीचं चौथं वर्ष, राज्य विद्यापीठातला वनस्पतीशास्त्र विभाग, कुठला ते विचारू नका, सबमिशन व्हायचंय अजून. चार वर्षांत हे तिसरे एचओडी. पहिल्यांचे शेवटचे काही महिने वाट्याला आले, दुसरे पूर्ण तीन वर्षं आणि आता नवीन मॅडम.

झालं असं की मायनस एटी (उणे ८० अंशांच्या) फ्रीझरचं एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट, संपलं होतं. रिन्युअलची फाईल जुन्या सरांनी "आता नवीन मॅडमच बघतील" म्हणून सही न करता ठेवली, आणि मॅडम म्हणाल्या डेड स्टॉक, म्हणजे विभागाच्या सामानाचं रजिस्टर, ताडून होत नाही तोवर मी चार्जच घेणार नाही, आणि डेड स्टॉक अडलाय एका मायक्रोस्कोपवर, रजिस्टरला ४२ नंबर आहे पण कपाटात नाही. दिवाळीच्या सुट्टीत कॉम्प्रेसर गेला. अलार्म वाजत होता म्हणे रात्रभर, वॉचमनकाकांना वाटलं लिफ्टचा असेल. मालवण-वेंगुर्ल्याच्या खडकांवर ओहोटीच्या वेळा गाठून दोन हंगाम गोळा केलेल्या शेवाळांचे आरएनए सॅम्पल, सगळं पाणी.

माझं म्हणणं साधं आहे. सिनियॉरिटीने नंबर लागला म्हणून एचओडी, ही पद्धत बंद करा. ज्याला प्रशासन जमतं त्याला निवडा, पाच वर्षं द्या, आणि काम झालं नाही तर जाब विचारा. तीन वर्षांत पहिलं वर्ष शिकण्यात जातं आणि शेवटचं "आता कशाला" म्हणण्यात.

निवृत्त_मास्तर
सॅम्पलचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण बाळ, दर तीन वर्षांनी एचओडी बदलायच्या या रोटेशनच्या आधीचे दिवस तू पाहिले नाहीस म्हणून असं म्हणतेस.

पूर्वी खुर्चीवर बसलेला प्रोफेसर निवृत्तीपर्यंत विभागप्रमुख असायचा. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं तेव्हा तिथला वनस्पतीशास्त्र विभाग त्र्यं. शं. महाबळे यांनी उभा केला, तसा माणूस मिळाला तर आजन्म ठेवा, माझी ना नाही. पण सगळे महाबळे नसतात हो! मी ज्या विभागात उमेदवारी केली तिथे एकच साहेब १७ वर्षं होते. सेंट्रिफ्यूजच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशात. गावाला गेले की किल्लीपण गावाला. कुणाचा विद्यार्थी कधी सबमिट करणार, कुणाला कुठल्या कॉन्फरन्सची रजा मिळणार, सगळं त्यांच्या मूडवर. त्यांच्याशी वाकडं आलेल्या एका सहकाऱ्याने बारा वर्षं जिन्याखालच्या खोलीत संशोधन केलं.

रोटेशनने निदान एवढं तरी झालं की आज जो तुमच्या फाईलवर बसलाय त्याला माहीत असतं, तीन वर्षांनी आपली फाईल याच टेबलावर येणारे. निवडून पाच वर्षं म्हणतेस, निवडणार कोण? कुलगुरू. मग आधी दोन वर्षं सगळे प्रोफेसर प्रयोगशाळा सोडून कुलगुरूंच्या केबिनबाहेर.

आवक_जावक
मी ऑफिसातला, म्हणजे ज्यांना सगळे शिव्या घालतात त्यातला. विज्ञान शाखेच्याच एका विभागात वरिष्ठ लिपिक. एचओडी बदलला काय आणि नाही बदलला काय, आम्हाला फार फरक पडत नाही, कारण टिपणी आम्हीच लिहितो, साहेब फक्त विचारतात "कुठे करू सही?"

आता खरं दुखणं ऐका. आमच्याकडे मंजूर पदं सात आणि भरलेली दोन, एक मी, दुसरा शिपाई. बाकी कंत्राटी पोरं, अकरा महिन्यांची ऑर्डर, मग ब्रेक, मग पुन्हा ऑर्डर, शिकवून तयार केलं की बँकेची परीक्षा पास होऊन जातात. स्टोअरकीपर निवृत्त झाल्यापासून स्टोअर माझ्याकडे. मी कॉमर्सचा हो! पहिल्या आठवड्यात एन्झाइमचा बॉक्स टेबलावर ठेवून जेवायला गेलो, बर्फ वितळला, मुलं रडायची बाकी होती. मला कुणी सांगितलंच नव्हतं की हे उणे वीसला ठेवायचं असतं.

शिवाय तुमच्या फेलोशिप. जेआरएफ, म्हणजे सुरुवातीची संशोधन फेलोशिप, ३१ चे ३७ हजार झाले, आनंद आहे, पण ते दर महिन्याला पोर्टलवर कन्फर्म करायला माहिती भरणारा मेकर मी आणि ती तपासणारा चेकर दुसऱ्या इमारतीत. पोरं हजेरीची सही करत नाहीत आणि पैसे आले नाहीत की ऑफिसच्या नावाने बोंब. परत रेक्टिफाइड स्पिरिटचं (लॅबला लागणाऱ्या अल्कोहोलचं) परमिट एक्साइजकडून रिन्यू करायचं, तिथला माणूस दर वेळी हसून विचारतो, एवढं लागतं होय तुम्हाला?

लिपिककोपरा
+१. आणि सरकारी खरेदीचं जेम पोर्टल राहिलं. मी एकदा डिसेक्शनच्या चिमट्या मागवल्या होत्या, एल वनला, म्हणजे सगळ्यात कमी बोलीला, आल्या त्या भुवया कोरायच्या.

शेवाळवाली
@आवक_जावक काका, चिमट्यांवर हसले पण मूळ मुद्दा तुम्ही टाळलात. स्टाफ कमी आहे मान्य, पण एएमसीच्या फाईलला फक्त एक सही हवी होती. त्याला सात माणसं लागत नाहीत.

कोलंबसकर
ओहायोत आहे, बायोलॉजीतच पोस्टडॉक. इथेही चेअर, म्हणजे इथला एचओडी, आपल्यासारखाच प्रोफेसर, काही वर्षांसाठी केलेला, आणि बऱ्याचदा तोही कुरकुरतच करतो. कधीकधी बाहेरून जाहिरात देऊन आणतात. पण खाली जी फळी आहे ना ती बदलत नाही. खर्चाचं बघायला बिझनेस मॅनेजर, मुलांची ॲडमिशनपासून डिफेन्सपर्यंतची कागदपत्रं बघायला ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटर, ग्रँटचे पैसे सांभाळायला वेगळा माणूस. आमच्या कोऑर्डिनेटरबाई २० वर्षं त्याच खुर्चीवर आहेत, चेअरलासुद्धा नियम त्याच सांगतात. फ्रीझरचा अलार्म थेट फोनवर येतो, रात्री दोनला उठून गेलोय मी. म्हणून मला वाटतं एचओडी कसा निवडायचा हा वादच चुकीच्या जागी चाललाय, प्रत्येक विभागाला एक पूर्णवेळ मॅनेजर द्या आणि एचओडीला विज्ञानाचं बघू द्या.

मुक्काम_पोस्ट_लॅब
आलं अमेरिका! साहेब, तुमच्या त्या फळीचा पगार कुठून निघतो तेही सांगा की. ग्रँटवर विद्यापीठ जो ओव्हरहेड (वरखर्चाचा हिस्सा) घेतं त्यातून बराचसा. २०२५ च्या फेब्रुवारीत एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने तो सरसकट १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं तेव्हा तुमच्याकडची विद्यापीठं कोर्टात धावली आणि कोर्टाने ते अडवलं. म्हणजे तिथेही मॅनेजरबाई एका सर्क्युलरच्या अंतरावर होत्या. आमच्याकडे ग्रँटच मोजक्या, त्यातला ओव्हरहेड तो केवढा, त्यात मॅनेजर सोडा, झेरॉक्सचा टोनर येत नाही.

मी असिस्टंट प्रोफेसर. रोटेशन रोटेशन काय करताय, फिरवायला माणसं आहेत का? आमच्या विभागात कायम शिक्षक तीन, बाकी सीएचबी, म्हणजे तासांवर शिकवणारे. प्रोफेसर एकच, ते आमचे एचओडी, शिवाय शेजारच्या विभागाचे प्रभारी, शिवाय परीक्षा विभागाच्या कुठल्याशा समितीवर. शिकवण्याचा लोड तसाच आणि हाताखाली पीएचडीची आठ मुलं. माणूस सकाळी हातात पिपेट घेतो आणि तेवढ्यात कुलसचिवांच्या ऑफिसातून फोन येतो, "माहिती आजच्या आज पाठवा". पुढच्या वर्षी तेच पद माझ्याकडे यायची शक्यता आहे आणि खरं सांगतो, मी टाळायच्या वाटा शोधतोय.

निवृत्त_मास्तर
तुम्ही टाळाल, मग जो टाळत नाही तो येईल. त्या माणसाचीच मला भीती वाटते.

@कोलंबसकर मॅनेजर ही कल्पना वाईट नाही, पण त्याला विषय कळायला हवा. आमच्याकडे हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) कीपर होते, साधे बीएस्सी. पावसाळ्याआधी प्रत्येक कपाट उघडून डांबरगोळ्या बदलायचे, कुठली शीट कुणी नेली हे तोंडपाठ. ते निवृत्त झाले, पद भरलं नाही, आणि काही वर्षांत बुरशी आणि किड्यांनी कपाटंच्या कपाटं खाल्ली. तसंच २०१४ मध्ये यूजीसीने प्राणिशास्त्रातलं डिसेक्शन बंद केलं, ते बरंच झालं म्हणा, पण मग ज्या लॅब अटेंडंटला बेडकाची नस कुठे ते डोळे मिटून सापडायचं त्याला टपाल वाटायला लावलं. असली माणसं कुठल्याच ऑर्गनायझेशन चार्टवर नसतात.

आवक_जावक
मास्तर, हे बरोबर बोललात.

@शेवाळवाली ताई, एका सहीचं म्हणताय ना. ती सही का होत नाही सांगतो. उद्या ऑडिटमध्ये पॅरा (आक्षेप) निघाला तर वसुली सही करणाऱ्याच्या नावावर लागते, कधीकधी पेन्शन अडकते त्यात. म्हणून सगळे घाबरतात, तुमच्या मॅडमपण. २०२५ च्या जूनमध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा एक लाखाची दोन लाख केली आणि जेमच्या बाहेरून घ्यायचे अधिकार संचालक-कुलगुरूंना दिले. आम्ही आनंदाने लेखा विभागात विचारलं, आपल्याला लागू आहे का? उत्तर आलं, मार्गदर्शन मागवलंय. अजून मागवलेलंच आहे.

आणि चार्ज बदलायच्या आदल्या आठवड्यात एएमसीच्या फाईली वेगळ्या गठ्ठ्यात काढून जुन्या साहेबांकडून चहा पाजून सह्या घेतो मी. हे कुठल्या नियमात नाही. तुमच्याकडच्या ऑफिसातल्या मॅडमना सुचलं नसेल किंवा त्या रजेवर असतील.

शेवाळवाली
त्या रजेवरच होत्या, मुलीचं बाळंतपण. म्हणजे अख्खा विभाग एका माणसाच्या चहावर चालतो आणि तो रजेवर गेला की माझं शेवाळ मरतं. काका, तुम्ही चांगलेच आहात, पण यात मला अजिबात बरं वाटत नाहीये. पाच वर्षांचा निवडलेला एचओडी हेच माझं मत अजूनही. मास्तरांची १७ वर्षं वाचून थोडी डळमळले, तेवढंच.

मुक्काम_पोस्ट_लॅब
ते जाऊ दे, ४२ नंबरचा मायक्रोस्कोप सापडला का?

शेवाळवाली
सापडला. झूलॉजीत आहे, कुणीतरी प्रॅक्टिकलच्या परीक्षेला नेलेला. परत द्यायला त्यांच्या एचओडींची सही लागेल, आणि त्यांचा चार्ज सोमवारी बदलतोय.